पब्लिक किती होतं?

इथं इंग्लंडात फुटबॉलची मॅच बघून घरी आलो की कोल्हापूरला फोन लावायचा, हा माझा गेल्या तेरा-चौदा वर्षांचा नेम. थंडीच्या दिवसांत तिकडं रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, पण वडील, आमचे आबा, जागेच असतात. "कोण जिंकलं?" हा प्रश्न नंतर येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "पब्लिक किती होतं?"

आबांची नोकरी शाहू मिलमध्ये झाली. पहिली पाळी सुटली की सायकल घराकडं न वळता शाहू स्टेडियमकडं. आपल्या पेठेची मॅच असो नसो, जायचं. गर्दी मोजायचं त्यांचं एक स्वतःचं माप आहे. "फायनलला काय रं, कोण बी येतंय. साध्या मॅचला, डोक्यावर ऊन असताना, कोण आलंय ते बघायचं."

मी इथं ज्या क्लबच्या मॅचना जातो त्याचं नाव ब्रॅडफर्ड सिटी. आमच्या शाळेच्या ग्रुपवरचे आर्सेनल-लिव्हरपूलवाले अधूनमधून विचारतात, "तुझी टीम टीव्हीवर कधी दिसणार?" दिसत नाही, कारण गेली पंचवीस वर्षं ती खालच्या विभागांत फिरते आहे. पण याच क्लबनं 1911 साली एफए कप जिंकला होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी नवा केलेला तो चषक घडवला होता ब्रॅडफर्डच्याच एका सराफी पेढीनं. गावात घडला आणि गावातच आला. त्या मार्चमध्ये बर्नलीविरुद्ध व्हॅली परेडवर, म्हणजे क्लबच्या मैदानावर, 39,146 माणसं होती. हा इथल्या गर्दीचा विक्रम शंभराहून जास्त वर्षांनीही तसाच उभा आहे.

त्यानंतर ही गर्दी कधी तीन-चार हजारांवर आली, कधी अठरा हजारांवर गेली, परत दहा हजारांवर आली, परत अठरा झाली. आणि सगळ्यांचं ठरलेलं उत्तर एकच: जिंकले की येतात, हरले की जातात. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, म्हणून हा एवढा लांबलचक लिहायचा खटाटोप.

आधी एक साधी गोष्ट. इंग्लंडात फुटबॉल शनिवारी दुपारी तीनलाच का? 1850 च्या कारखाना कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला गिरण्या बंद करायला लावल्या. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीचं गाव. भोंगा वाजला की हजारो माणसं एकाच वेळी, हातात आठवड्याचा पगार घेऊन रस्त्यावर. मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. घरी टीव्ही नाही, दारात गाडी नाही. गर्दी जमवायला वेगळं काही करावंच लागत नव्हतं. आबांची सायकल आणि ही गर्दी मला एकाच जातीची वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर कहर झाला. 1948-49 च्या हंगामात इंग्लंडच्या लीग सामन्यांना मिळून 4 कोटी 12 लाखांहून जास्त प्रेक्षक आले. 1985-86 ला हाच आकडा 1 कोटी 65 लाखांवर आला. आता या सदतीस वर्षांत सगळेच क्लब हरत होते असं तर म्हणता येणार नाही ना? प्रत्येक मॅचमध्ये कोणीतरी जिंकतच होतं. माणसांचा शनिवार बदलला होता. घरात टीव्ही आला, गाडी आली, बायकोबरोबर दुकानं फिरणं आलं, आणि गिरण्याच एकेक करून बंद पडायला लागल्या. मैदानाजवळच्या मॅनिंगहॅम भागातली लिस्टर मिल, जिच्या चिमणीची सावली जवळजवळ या मैदानावर पडते असं मी पोराला गमतीनं सांगतो, ती 1992 ला कायमची थांबली.

ब्रॅडफर्डचं दुखणं यात आणखी वेगळं. एका गावात दोन क्लब होते. दुसरा पार्क अव्हेन्यू. 1970 ला त्याला लीगमधून बाहेर काढलं, 1974 ला तो बुडाला. तुम्हाला वाटेल, चला, त्याचे लोक सिटीकडं आले असतील. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे आजोबा त्या क्लबचे होते. ते सांगतात, आमच्या गल्लीतले निम्मे लोक त्या दिवसापासून मॅचला जायचेच बंद झाले. कोल्हापुरात दिलबहार तालमीचा माणूस पाटाकडील तालमीचा झेंडा घेईल का हो? आणि पंधरा किलोमीटरवर लीड्स. साठीच्या उत्तरार्धात आणि सत्तरीत लीड्स युनायटेड देशातल्या सगळ्यात मोठ्या संघांपैकी एक होता. ब्रॅडफर्डची पोरं ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटांत तिकडं पोचायची. बाकी राहिलेल्यांना रग्बी होतंच. याच गावातल्या ऑड्सल मैदानावर 1954 साली रग्बी लीगची फायनल पुन्हा खेळवली तेव्हा अधिकृत आकडा 1,02,569 होता. ब्रॅडफर्डमध्ये खेळ बघणाऱ्या लोकांचा दुष्काळ कधीच नव्हता, हे मला त्या आकड्यावरून कळतं.

आणि मग 11 मे 1985. याच्याबद्दल इथं मोठ्यानं बोलत नाहीत, मीही थोडक्यातच लिहितो. क्लब तिसरा विभाग जिंकून आला होता, मॅचआधी चषक हातात दिला गेला होता. मैदानात 11,076 माणसं होती. जुन्या लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षं साचलेल्या कचऱ्याला आग लागली आणि चार-पाच मिनिटांत अख्खा स्टँड गेला. 56 माणसं गेली. त्यातली काही आजोबा-बाप-नातू अशी एकाच घरातली. त्या उन्हाळ्यात नवं छत बसायचं होतं.

दीड वर्ष क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला. डिसेंबर 1986 मध्ये परत आला. कुठलाही हिशेब सांगेल की गर्दी तुटणार. तुटली नाही, वाढली. 1987-88 ला तर वरच्या विभागाच्या दारापर्यंत जाऊन आले. याचं कारण मी सांगू नये, मी तेव्हा कोल्हापुरात पहिलीत होतो. पण शेजारच्या आजोबांनी एकदाच, माझ्याकडं न बघता, सांगितलं होतं: "आम्ही नाही आलो तर मग कोण येणार?"

1999 ला क्लब सगळ्यात वरच्या विभागात, प्रीमियर लीगमध्ये गेला. पहिल्या वर्षी शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला 1-0 हरवून टिकला. गर्दीची सरासरी अठरा हजार. यात एक मेख आहे: तेव्हा मैदानात जागाच साधारण तेवढी होती. मग मालकांना सोन्याची स्वप्नं पडली. एका इटालियन खेळाडूला आठवड्याला 40 हजार पौंड पगार दिला असं तेव्हाच्या बातम्या सांगतात. 2001 ला खाली आले, 2002 ला दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर, 2004 ला पुन्हा, आणि 2007 ला थेट चौथ्या विभागात. आठ वर्षांत पहिल्यावरून चौथ्यावर. मैदान मात्र वाढवून ठेवलेलं, पंचवीस हजार खुर्च्यांचं. लग्नासाठी मोठा मांडव घातला आणि वऱ्हाडच परत गेलं, अशी अवस्था.

इथंच ती गोष्ट घडली ज्यामुळं मी हे लिहायला बसलो. 2007 ला क्लबनं हंगामाच्या पासाचे दर धाडकन खाली आणले. चौथ्या विभागात, जिथं बाकीचे चार-पाच हजारांत समाधानी होते, तिथं ब्रॅडफर्डची सरासरी तेरा हजारांच्या वर गेली. पुढची पाच वर्षं संघ तिथंच रखडला आणि आकडा हळूहळू दहा हजारांवर आला. म्हणजे निकालाचा परिणाम होतोच, मी नाकारत नाही. पण किती संथ! पाच वर्षांच्या रटाळ फुटबॉलनं जेवढी माणसं घालवली, त्याहून जास्त एका स्वस्त पासानं एका उन्हाळ्यात परत आणली. 2014-15 ला, आता तिसऱ्या विभागात, सरासरी तेरा हजारांची. पुढच्या हंगामासाठी मोठ्यांचा पास 149 पौंड केला. घरच्या 23 मॅच, म्हणजे मॅचला साडेसहा पौंड. सरासरी थेट अठरा हजारांवर. तोच विभाग, तेच मैदान, तोच पाऊस. अठरा हजार म्हणजे प्रीमियर लीगच्या काळाइतके.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. पासवाला घरी झोपला असला तरी तो "हजर" धरला जातो. पावसाळी मंगळवारी लाउडस्पीकरवर आकडा सांगतात तेव्हा आमच्या स्टँडमध्ये हसू फुटतं, कारण रिकाम्या खुर्च्या डोळ्यांसमोर असतात. आबांना मी अधिकृत आकडा सांगतो आणि मागून "पण खरे एवढेच" असंही सांगतो. तरीही माझा मुद्दा तोच. ज्याच्या खिशात पास आहे तो दहातल्या तीन मॅच चुकवेल, सात येईल. तिकीट काढून येणारा दोन येतो. आणि मुख्य म्हणजे स्वस्त पास बाप एकटा घेत नाही, पोराचाही घेतो. तो पोरगा वीस वर्षांनी कुठं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. क्लबची आजची गर्दी ही दहा-वीस वर्षांपूर्वी कोणाचा हात धरून कोण आलं याचा हिशेब असते. तेव्हाची चूक आज दिसते, आणि आजच्या मॅनेजरला त्याबद्दल शिव्या पडतात.

मोठ्या विजयांचं काय? डिसेंबर 2012 मध्ये चौथ्या विभागातल्या या संघानं लीग कपमध्ये आर्सेनलला पेनल्टींवर बाहेर काढलं. जवळपास चोवीस हजार लोक होते, मीही होतो, घसा चार दिवस बसला होता. फेब्रुवारीत वेम्ब्लीवर फायनल खेळली, स्वान्सीकडून 0-5 हरली, आणि आम्ही हरलेल्या संघासाठी झेंडे हलवत उभे राहिलो. त्याच हंगामात लीगच्या मॅचची सरासरी? दहा हजारांच्या आसपास. मागच्या वर्षीइतकीच म्हणा ना. 2015 च्या जानेवारीत चेल्सीला त्यांच्याच मैदानावर 4-2 हरवलं, जगभर बातमी झाली, आणि त्या हंगामाची सरासरी आदल्या वर्षीपेक्षा थोडी कमीच भरली.

आता जे इथले लोक फारसं बोलत नाहीत ते. फॉर्स्टर स्क्वेअर स्टेशनवर उतरून मी मॅनिंगहॅम लेनचा चढ चढतो तेव्हा दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, मिठाई, समोसे, उर्दू पाट्या. जिल्ह्यातला दर चौथा माणूस मूळ पाकिस्तानी वंशाचा आहे. आत गेलं की माझ्यासारखा सावळा चेहरा शोधावा लागतो. लोक म्हणतात, "त्यांना क्रिकेट आवडतं." अहो, गल्लीतली पोरं बघा, सगळ्यांच्या अंगात कुठल्या ना कुठल्या फुटबॉल क्लबचा शर्ट आहे. त्यांचे आजोबा इथं आले तेच मुळी लोकरीच्या गिरणीत, त्यातही रात्रपाळीला, कारण ती पाळी गोऱ्यांना नको होती. शनिवारी दुपारी ते झोपलेले असायचे. त्यांची मुलं मोठी झाली तेव्हा, सत्तरी-ऐंशीच्या दशकात, इंग्लंडच्या कुठल्याही स्टँडमध्ये सावळ्या माणसाला शिव्या खाल्ल्याशिवाय बसता येत नव्हतं. म्हणजे सवय तुटली असं नाही, ती लागूच दिली नाही. आता "बांग्ला बँटम्स" (बँटम्स हे क्लबचं टोपणनाव) नावाचा बांगलादेशी वंशाच्या चाहत्यांचा गट आहे, आया-मुली येतात, बरं वाटतं. पण शंभर पावलांवर राहणाऱ्या माणसाला दारापर्यंत आणायला क्लबला शंभर वर्षं लागली, हे मला खुपतं.

मी हे बोललो की आबा गप्प होतात. कारण कोल्हापूरचं काय? आपलं पब्लिक पेठेच्या मुळाला धरून आहे, तिथं बापाला वेगळं शिकवावं लागत नाही, तालमीच्या कट्ट्यावरच पोरगं मोठं होतं. संघ हरला म्हणून कोणी पेठ बदलत नाही. पण आईला कधी नेलंत का हो आबा स्टेडियमवर? "तिथं काय बायकांनी यायचं, शिव्या, दगड..." मग तीच ना गोष्ट. हुल्लडबाजीपायी स्पर्धा बंद ठेवायची वेळ आपल्याकडं एकदा नाही, अनेकदा आली. मॅनिंगहॅममधल्या रात्रपाळीच्या त्या माणसासारखीच माझी आई. मैदानापासून दहा मिनिटांवर पन्नास वर्षं राहिली, आवाज ऐकून गोल झाला ते ओळखायची, आत कधी गेली नाही.

2025 च्या 3 मेला इथं हंगामाची शेवटची मॅच होती, फ्लीटवुडविरुद्ध. जिंकलं तर वरच्या विभागात. नव्वद मिनिटं संपली, 0-0. सहा मिनिटं जादा, आणि शहाण्णवाव्या मिनिटाला आमच्या सार्सेविचच्या पायाला लागून चेंडू आत. पुढचं मला नीट आठवत नाही. पोरगा माझ्या अंगावर होता, शेजारचे आजोबा खाली बसून चष्मा शोधत होते, लोक मैदानात धावत होते. बाहेर आल्या आल्या, स्टेशनपर्यंतही थांबलो नाही, फोन लावला.

"पब्लिक किती होतं?"

"चोवीस हजार तेहेतीस, आबा! चोवीस हजार!"

पलीकडं थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"बरं झालं. पण ही फायनलच म्हणायची. जानेवारीत मंगळवारी किती होतं, ते सांग."