‘47 हजार कापले, 35 हजारच मिळाले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एप्रिल ते सप्टेंबर 2024 तुम्ही महिना एक लाखावर नोकरी केलीत आणि नंतर सोडलीत. पगारातून एकूण 47,748 रुपये कापले गेले होते, आम्ही तुमचं इन्कम टॅक्स रिटर्न भरल्यावर रिफंड निघाला 35,750 चा. जून 2025 मध्ये कागद दिलेत आणि पैसे आले ऑक्टोबर संपता संपता. मित्राला मात्र दहा दिवसांत आणि तुमच्यापेक्षा जास्त मिळाले. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मधले पैसे हेच लोक खातात.’

हे शेवटचं वाक्य लागलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. रिफंड इन्कम टॅक्स खात्याकडून थेट तुमच्या बँक खात्यात जमा होतो. तो आमच्या हातून जात नाही, त्यामुळे त्यातलं काही आमच्याकडे राहण्याची सोयच नाही. आम्ही घेतली ती फक्त फी, आणि तिची पावती तुमच्याकडे आहे.

आता मधले 12 हजार. तुम्ही सहा पगार स्लिपा आणल्या होत्या, प्रत्येकीच्या उजव्या कॉलमखालच्या बेरजेला पेन्सिलने गोल केलेला होता: 7,958. याला सहाने गुणलं की तुमचे 47,748 येतात. गुणाकार बरोबर आहे, पण त्या बेरजेत तीन वेगवेगळ्या कपाती आहेत. पीएफ 1,800, प्रोफेशनल टॅक्स 200 आणि टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स) 5,958. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमधून परत येतो तो फक्त टीडीएस. पीएफ तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) जमा आहे, तो बुडालेला नाही, पण त्याचा अर्ज आणि पोर्टल दोन्ही वेगळं. प्रोफेशनल टॅक्स राज्य सरकारकडे गेला, तो परत मिळत नाही. हे त्या दिवशी टेबलावरच नीट समजावून सांगायला हवं होतं. आम्ही ‘सगळा टॅक्स परत येईल’ असं म्हणून मोकळे झालो आणि तुम्ही ‘सगळी कपात’ असं ऐकलंत. गैरसमज तिथे झाला.

राहिला टीडीएस. 5,958 गुणिले सहा म्हणजे 35,748. तुम्हाला 35,750 मंजूर झाले, कारण रिफंड जवळच्या दहाच्या पटीत धरतात. थोडक्यात, कापलेल्यापेक्षा दोन रुपये जास्तच आले. (आमच्या धंद्यात असे दोन रुपये क्वचितच गिऱ्हाइकाच्या बाजूने पडतात.)

एवढा टॅक्स मुळात कापला का गेला, हेही तुम्ही विचारलंय. कंपनी टॅक्सचा हिशोब मांडते तेव्हा तुम्ही बारा महिने राहणार असं धरूनच. बारा लाख पगार, त्यातून 75 हजारांची स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरावीक वजावट) वजा, राहिले सव्वाअकरा लाख. त्या वर्षीच्या नव्या रिजीमच्या (नव्या करपद्धतीच्या) दरांनी त्यावर सेससकट 71,500 टॅक्स होतो आणि त्याचा बारावा भाग दर महिन्याला कापला जातो. प्रत्यक्षात तुमची वर्षाची कमाई सहाच लाख. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन सव्वापाच लाख उरले, आणि त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे (टॅक्समधल्या सवलतीमुळे) टॅक्स शून्य होता. म्हणून कापलेला सगळा परत. यात आमची काही कर्तबगारी नाही. अर्धं वर्ष काम केलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. मित्राला जास्त मिळाले असतील तर त्यांच्या पगारातून जास्त कापले गेले असतील. कापलं त्याहून जास्त रिफंड, व्याज आणि वरचे दोन रुपये सोडले तर, कुणालाच मिळत नाही. दुसऱ्या एका एजंटने तुम्हाला ‘घरभाडं आणि विमा दाखवून आणखी काढून देतो’ असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. टॅक्स आधीच शून्य झाल्यावर तो आणखी कुठून काढणार, हे त्याला एकदा विचारून बघाच.

आता उशीर. तुमच्या फॉर्म 16 च्या (कंपनीने दिलेल्या टीडीएसच्या दाखल्याच्या) भाग ‘अ’मध्ये चार तिमाहींचा तक्ता आहे. त्यात एप्रिल ते जूनच्या ओळीत 17,874 होते आणि जुलै ते सप्टेंबरच्या ओळीत काहीच नव्हतं. 26 एएसमध्येही (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी नोंदीतही) तेच. कंपनीने दुसऱ्या तिमाहीच्या टीडीएस विवरणात तुमच्या पॅनचं एक अक्षर चुकवलं होतं. पैसे सरकारकडे पोचले होते, पण तुमच्या नावावर दिसत नव्हते. खातं रिफंड देतं ते 26 एएसमध्ये दिसेल तेवढ्याचाच. म्हणून कंपनीला दुरुस्ती करायला लावली आणि 14 ऑगस्टला तक्ता पूर्ण झाला. 18 तारखेला रिटर्न भरलं, तुम्ही ओटीपी दिलात आणि त्याच दिवशी ई-व्हेरिफिकेशनही झालं. 2025 मध्ये मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर नेली होती, त्यामुळे लेट फी लागली नाही. तुमच्या मित्राचं 26 एएस पहिल्या दिवसापासून पूर्ण असणार, म्हणून त्यांना दहा दिवस पुरले.

पण एक गोष्ट कबूल करतो. जूनमध्येच रिटर्न भरून अर्धे पैसे आधी घ्यायचे आणि उरलेल्यासाठी नंतर दुरुस्तीचा अर्ज करायचा, हाही रस्ता होता. तो कटकटीचा असतो आणि पुष्कळदा रेंगाळतो, म्हणून मी तो सुचवला नाही. आजही थांबण्याचाच सल्ला देईन. तरीही पैसे तुमचे होते आणि तुमची नोकरी सुटलेली होती. ठरवायला हवं होतं तुम्ही. मी तुम्हाला न विचारता ठरवलं.

आणि पुढचा उशीर तर निव्वळ आमचा. 9 सप्टेंबरला रिटर्न प्रोसेस झालं, रिफंड मंजूर झाला आणि 12 तारखेला ‘फेल’ होऊन परत गेला. पोर्टलवर रिफंडसाठी निवडलेलं खातं तुमचं जुनं सॅलरी अकाउंट होतं, जे तुम्ही मधल्या काळात बंद केलं होतं. नव्या खात्याचा रद्द केलेला चेक तुम्ही जूनमध्येच दिला होतात. तो आमच्या फाइलमध्ये तिसऱ्या पानावर टाचलेला आहे, आत्ता समोरच आहे. रिटर्न भरताना आम्ही ते पान उलटलं नाही. जुन्या खात्यापुढे ‘व्हॅलिडेटेड’ दिसलं आणि पुढे गेलो. रिफंड फेल झाल्याचंही आम्हाला कळलं ते 6 ऑक्टोबरला, तुम्ही चिडून फोन केलात तेव्हा. नवं खातं जोडून पुन्हा मागणी त्याच दिवशी टाकली आणि 27 तारखेला पैसे आले. मधले चोवीस दिवस आमच्यामुळे वाया गेले. फोनवर तुम्हाला ‘खात्याकडूनच उशीर होतोय’ असं सांगितलं गेलं, तेही चूक होतं. ज्याने सांगितलं त्याला फाइल न बघता उत्तर द्यायची सवय मीच लागू दिली.

तुमची फी पूर्ण परत करतोय. नव्या खात्याचा तपशील आहेच, यावेळी पान उलटून बघितलंय. रिव्ह्यू काढा किंवा बदला असं म्हणणार नाही. फक्त ‘पैसे खातात’ एवढं वाक्य तेवढं तपासून बघा, पासबुक तुमच्याकडे आहेच.

एक काम बाकी आहे. 35,750 सोबत 1,071 रुपये जादा आलेत, ते एप्रिल ते सप्टेंबरचं दरमहा अर्धा टक्का व्याज. मूळ रिफंडवर टॅक्स नाही, पण हे व्याज तुमचं 2025-26 चं उत्पन्न धरलं जातं. पुढच्या वर्षीचं रिटर्न आमच्याकडे भरा किंवा दुसऱ्या कुणाकडे, ‘इतर उत्पन्न’मध्ये ते दाखवायला सांगा. आणि या वर्षात नवी नोकरी धरलीत, तर मधल्या काळात कुठे पगार घेतला असल्यास तो नव्या कंपनीला फॉर्म 12 बी मधून कळवा. तो लपला तर दोन्हीकडे स्टँडर्ड डिडक्शन मिळते, आणि मग वर्षअखेरीला रिफंडऐवजी टॅक्स भरायची वेळ येते.