डाव्या दिव्याचं दुखणं

ब्रेक दाबला की आमच्या गाडीचा मागचा डावा दिवा मिणमिणायचा आणि शेजारचा इंडिकेटर उगाच उजळायचा. गॅरेजवाल्याने अख्खा लॅम्प बदलायला सांगितला. त्यापेक्षा लेकीलाच शिकवू, असं मी ठरवलं. ती अकरावी सायन्सला. ओहमचा नियम तिला झोपेत येतो. फक्त तो डिकीत कुठे राहतो ते ठाऊक नव्हतं.

पुण्याच्या इलेक्ट्रिक बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेलं मल्टिमीटर घेऊन आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. कोथरूडात बॉनेट उघडं दिसलं की सल्लागार लागतातच. तळमजल्यावरचे काका चहाच्या कपासकट हजर. "बॅटरी बदला." त्यांच्या मते हॉर्नपासून वायपरपर्यंत सगळं त्यानेच बरं होतं.

लेकीने आधी फ्यूज उपटला. धडधाकट. मग बल्ब बदलला. ढिम्म फरक नाही. शेवटी मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थला, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाला, दुसरी बॉडीला. बीप!

"अर्थ ओके आहे, बाबा. आता तू गप्प बस."

खरी मेख इथेच असते. बीप वाजवायला मीटर इतका किंचित करंट सोडतं, की तो गंजक्या स्क्रूतूनही सहज निसटतो. 21 वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. ते तिथे अडतात आणि परतीची वाट शोधत इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये शिरतात.

"मग बीप वाजलाच कशाला?" मीटर जणू मीच बनवलं होतं.

"दिवा लावून व्होल्टेज मोज. तू ब्रेकवर पाय ठेव, मी..."

"तूच ठेव. मी मोजते."

पुढचं सगळं शिक्षण मी ड्रायव्हर सीटवर पेडल दाबून, मान मागे वळवून दिलं. काळी पिन वायर जोडून बॅटरीच्या मायनसवर, लाल होल्डरच्या अर्थवर. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं.

"बाबा, चार व्होल्ट!"

डिकीतलं कार्पेट उचललं. खाली अर्थचा स्क्रू, तांबूस गंजाने फुललेला. तिने पॉलिश पेपरने पत्रा लख्ख घासला, स्क्रू आवळला. आकडा 0.05 वर. दिवा लालभडक, इंडिकेटर गुपचूप.

"मी म्हणालोच होतो, बॅटरीचा काहीतरी लोच्या," काका म्हणाले.

लेकीने इंजिन बंद असतानाच मीटर बॅटरीला लावून त्यांच्यापुढे धरलं. 12.6 व्होल्ट. बॅटरी ठणठणीत.

काकांनी चष्मा वर सरकवून आकडा वाचला. "मीटर कुठलं, चायनीज?"