एका तळ्याभोवती बारा दिवस

आज एका साखरपुड्याला गेलो होतो. जेवताना शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी विचारलं, "काय, फिनलंडला जाऊन आलात म्हणे मायलेकी! काय काय केलंत?" म्हटलं, कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली आणि सायमा सरोवराच्या काठाकाठाने फिरलो, बारा दिवस. ते पुढची यादी ऐकायला थांबले. यादी नव्हतीच. मग म्हणाले, "बारा दिवस एकच तळं? अहो, तेवढ्यात आमचे सात देश झाले!"

आई समोरच बसली होती. काही बोलली नाही, ताटातली कोशिंबीर चमच्याने सारखी करत राहिली. माझा घास घशात अडकला. समारंभ दुसऱ्याचा, म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

देश "झाले" हे मला ऐकवत नाही. अंघोळ होते, जेवण होतं. देश कसा होतो?

आणि तळं म्हणे! सायमाचं पाणी ४,४०० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं आहे, त्यात १३ हजारांहून जास्त बेटं. अख्खं सरोवर एका नजरेत कुठूनच दिसत नाही. गाडी चालवताना पाणी डावीकडे येतं, झाडीत हरवतं, मग अचानक उजवीकडे निघतं. पुंकाहार्यूला तर दोन्हीकडे पाणी आणि मधून बांधासारखी अरुंद टेकडी, जवळजवळ सात किलोमीटर लांब. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळताना वाळू-गोटे साचून ती तयार झाली. त्या टेकडीवरून आम्ही एकदा गेलो, आणि आईला आवडली म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो.

पण मला सांगायचंय ते पिवळ्या लोसीचं. लोसी म्हणजे तारेच्या आधाराने या काठावरून त्या काठावर जाणारी फेरीबोट. रस्त्याचाच भाग समजतात तिला, गाडीसकट फुकट नेतात. पूमाला गावाच्या बाजूला आम्ही एका धक्क्यावर पोहोचलो आणि डोळ्यांदेखत ती सुटली. मी स्टिअरिंगवर हात आपटला. एवढी वर्षं लोकल पकडली आहे, हात आपोआप आपटतो. आई शांतपणे म्हणाली, "अगं, तारेला बांधलेली आहे ती. तिला जायचंय कुठे? येईल परत."

आली. पण तोवर आईने चहाचं आधण ठेवलं होतं. गाडी बाजूला घेतली. लोसीवाल्याने हात करून विचारलं, येताय का? आईने मान हलवली, नंतर. तो गेला, परत आला, परत विचारलं. चौथ्या फेरीला आम्ही चढलो. कामावरून निघायला दहा मिनिटं उशीर झाला तरी जिचा जीव वरखाली व्हायचा, ती माझी एकाहत्तर वर्षांची आई तीन लोसी मुद्दाम सोडून पाण्याकडे बघत चहा पीत होती. हे कुठल्या देशाच्या खात्यात मांडायचं, काका?

मान्य आहे, कॅम्पर स्वस्त नाही, आणि एवढी रजा सगळ्यांना मिळत नाही. पण सात देशही फुकट होत नाहीत.

राग कशाचा येतो सांगू? पहाटे पाचला उठवायचं, बसमध्ये कोंबायचं, "वीस मिनिटं, फोटो काढा, चढा" म्हणायचं, आणि गुडघे धरून जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वर ऐकवायचं की पैसे वसूल झाले. कुणाचे वसूल झाले? जन्मभर घड्याळाच्या काट्यावर जगलेल्या माणसांना सुट्टीतही काटाच द्यायचा, हा दुष्टपणा आहे. होय, दुष्टपणा. शब्द मागे घेणार नाही.

आमचे दिवस कसे जायचे? गाडीला रस्ता सोडून कुठेही शिरता येत नाही. पायी माणसाला तिथे कुणाच्याही रानात फिरायचा, रानातली फळं खुडायचा हक्क आहे, पण गाडी न्यायची तर जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. म्हणून संध्याकाळी कॅम्पिंगच्या जागेवर जायचं. चाकांखाली ठोकळे सरकवायचे, विजेची वायर जोडायची, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची. गाडी समतल आहे का हे बघायला आई टेबलावर पाण्याची वाटी ठेवायची. "दाराकडे कललीय गं, अजून एक ठोकळा." यातच तास जायचा. जाऊ दे की. जूनअखेरीस सूर्य रात्री अकराच्या सुमाराला मावळतो आणि नंतरही पुरता अंधार होत नाही. तिसऱ्या दिवसापासून आईने "किती वाजले?" विचारणं बंद केलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तिला नोर्प्पा बघायचा होता. सायमात राहणारा सील. हिमयुगानंतर जमीन वर उचलली गेली, समुद्राची वाट बंद झाली आणि हे प्राणी या गोड्या पाण्यात अडकले. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आज पाचशेच्या आसपास उरलेत, आणि १९८०च्या दशकात तर दोनशेही नव्हते. पिल्लं जाळ्यात गुदमरू नयेत म्हणून १५ एप्रिल ते ३० जून त्यांच्या भागात जाळी टाकायला बंदी असते. हिवाळ्यात बर्फ कमी पडला तर माणसं फावड्याने बर्फाचे ढीग रचून देतात, सीलच्या मादीला त्यात बीळ करता यावं म्हणून. हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तीन संध्याकाळी ती घडीची खुर्ची घेऊन काठावर बसली.

नाही दिसला. काकांनी आज हेही विचारलंच, "म्हणजे तोही नाही दिसला?" नाही दिसला. मे महिन्यात आलो असतो तर खडकावर पहुडलेला कदाचित दिसला असता, हेही खरं. पण त्या तीन संध्याकाळींत आई मला तिच्या आईबद्दल जे बोलली, ते मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते इथे लिहिणार नाही. ते आमचं आहे.

लिहितालिहिता राग बराच उतरला. काका वाईट नाहीत. त्यांनाही कुणी कधी धक्क्यावर चहा पाजला नसेल.

येताना रिक्षात आई म्हणाली, "त्यांना लोसीचं सांगायचं होतंस." म्हटलं, तूच का नाही सांगितलंस?

"सांगणार होते गं. पण तोवर ते उठले."