मेस्काल: नाव खेड्यांचे, हक्क कोणाचा?

मेक्सिकोतल्या खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाळलेल्या मेस्काल या मद्याला तिथल्या सरकारने १९९४ साली कायद्याचे संरक्षण दिले, आणि त्याच कायद्याने ते मद्य गाळणाऱ्या अनेक खेड्यांचा मेस्काल या नावावरचा हक्क संपवला. भौगोलिक मानांकन मिळाले की परंपरा वाचली, असे आपल्याकडे सहज मानले जाते, म्हणून हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे शेताच्या बांधावर कुंपणासाठी घायपात लावतात. त्याच कुळातल्या अनेक जातींपासून मेस्काल तयार होते. ओआहाका राज्यात सर्वाधिक लागवडीची एस्पादिन ही जात साधारण सहा ते आठ वर्षांत तयार होते, तर तेपेस्ताते या रानजातीला वीस वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. पाने छाटून उरलेला गड्डा जमिनीत खणलेल्या भट्टीत, तापलेल्या दगडांवर, वरून माती लोटून काही दिवस भाजतात. मेस्कालला धुराचा वास येतो तो इथेच. मग खेचर किंवा घोडा ओढत असलेल्या दगडी चाकाखाली तो गड्डा चिरडून, लाकडी पिंपात आंबवून, बहुधा दोनदा गाळतात. गाळण्यासाठी तांब्याची भांडी वापरतात, आणि सांता कातारिना मिनाससारख्या गावात आजही मातीची. कोणता घाणा आंबला आणि कोणता अजून नाही, हे वासावरून आणि चवीवरून ओळखणारी माणसे या व्यवसायाचा कणा आहेत.

राज्यकर्त्यांनी या माणसांकडे बहुतेक काळ संशयानेच पाहिले. स्पेनहून येणाऱ्या मद्याचा खप टिकावा म्हणून १७८५ मध्ये राजा तिसऱ्या कार्लोसने स्थानिक मद्यावर बंदी घातली. सोनोरा राज्यात तिथला गव्हर्नर प्लुतार्को एलियास कायेस याने १९१५ मध्ये बाकानोरा या तिथल्या घायपाताच्या मद्यावर घातलेली बंदी तर १९९२ पर्यंत टिकली, म्हणजे तीन पिढ्या ते डोंगरात लपून गाळले गेले. त्याच बाकानोराला २००० साली कायद्याचे संरक्षण मिळाले.

टकिला हेसुद्धा मुळात हालिस्को राज्यातल्या त्या नावाच्या गावाभोवतीचे मेस्कालच. १९७४ मध्ये त्याला स्वतंत्र संरक्षण मिळाले, पण वनस्पती एकच ठरली, निळे घायपात, आणि निम्म्याच्या जवळपास साखर उसासारख्या दुसऱ्या स्रोतातून घेण्याची मुभाही राहिली. कारखान्यांना सोयीचा हा साचा पुढे मेस्कालच्या नियमांवरही पडला. मेस्काल हे नाव ज्या राज्यांपुरते राखले, त्या १९९४ च्या नकाशात ओआहाका, गेरेरो, दुरांगो, सान लुइस पोतोसी आणि साकातेकास ही पाचच राज्ये होती. मिचोआकानला २०१२ पर्यंत आणि पुएब्लाला २०१५ पर्यंत थांबावे लागले. नकाशावरच्या एका रेषेमुळे आजोबांच्या भट्टीतून निघणाऱ्या मद्याला आजोबांनी वापरलेले नाव देता येऊ नये, हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही.

नियमच नकोत, असे माझे म्हणणे नाही. मिथेनॉलची मर्यादा तपासली गेलीच पाहिजे आणि भेसळ रोखलीच पाहिजे. मेस्कालच्या जुन्या मानकात वीस टक्के बाहेरची साखर चालत असे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मानकाने ती बंद केली आणि मेस्काल, कारागिरी मेस्काल आणि पूर्वजांच्या रीतीचे मेस्काल असे तीन वर्ग केले. हे पाऊल चांगलेच होते. तरीही त्यात एक गोष्ट मला खटकते. जमिनीतल्या भट्टीऐवजी दाबाच्या टाकीत शिजवून उंच स्तंभात गाळणाऱ्या कारखान्याला नुसते ‘मेस्काल’ हे नाव मिळाले, आणि ज्यांनी ते नाव घडवले त्यांना मात्र त्यापुढे विशेषण जोडावे लागते.

याहून वाईट प्रस्ताव २०१५ च्या सुमारास आला होता. नकाशाबाहेरच्या उत्पादकांनी आपल्या मद्याला ‘कोमिल’ म्हणावे, असे त्यात सुचवले होते. उत्पादक, अभ्यासक आणि ग्राहकांनी कडाडून विरोध केल्यामुळे तो बारगळला. आज अशा बाटल्यांवर ‘देस्तिलादो दे आगावे’, म्हणजे घायपातापासून गाळलेले मद्य, असे लिहितात. प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रे झेपत नाहीत किंवा अटी पटत नाहीत म्हणून नकाशाच्या आतले काही नामवंत गाळणारेही हाच शब्द स्वीकारतात, हे नियम करणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवे.

मागणी वाढल्यावर झाडांवर जो ताण आला, त्याला तर या मानकांनी जवळपास स्पर्शच केलेला नाही. घायपात आयुष्यात एकदाच फुलते, आणि साखर गड्ड्यात राहावी म्हणून फुलोऱ्याचा दांडा आधीच छाटतात. त्यामुळे बी धरत नाही, आणि त्या फुलांवर जगणाऱ्या लांब नाकाच्या वटवाघळांचे अन्न जाते. काही झाडे फुलू देण्याची अट प्रमाणपत्रातच असायला हवी.

गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने फेणीला वारसा-मद्याचा दर्जा दिला. तिथल्या भाटीवाल्यांनी मेक्सिकोचा अनुभव बारकाईने पाहावा, असे मला मनापासून वाटते. प्रमाणपत्राचे शुल्क उत्पादनाच्या लिटरांवर ठरावे, चाचणीची सोय गावाजवळ असावी आणि नियम ठरवणाऱ्या समितीत बाटल्या भरणाऱ्या कंपन्यांइतकीच मते भट्टीवर गाळणाऱ्यांना असावीत. या तिन्ही मागण्या ओआहाकासाठी जितक्या रास्त आहेत, तितक्याच गोव्यासाठीही.