सव्वादोन वर्षं, आणि घरी न सांगितलेलं

काल सकाळी आईसोबत कापूस वेचायला गेले होते. दारव्हा तालुक्यातलं आमचं वावर. यंदा अतिवृष्टीनं सोयाबीन हातचं गेलं, कापूस तेवढा उभा आहे, त्याचीही खालची बोंडं सडलेली. ओटी भरता भरता आईनं विचारलं, "तू थ्या कंपनीत नेमकं करतं काय वो?" हे तिनं आधीही विचारलंय. दरवेळी मी "कॉम्प्युटरवर असते" म्हणून विषय बदलते. काल नाही बदलला. खरं सांगितलं, आणि माझं सगळं काम सांगून संपायला कापसाची एक ओळही पुरी व्हावी लागली नाही. आम्ही अजून तेच झाड वेचत होतो.

तेच आज इथंही लिहिते. आमच्या भागातली पोरं-पोरी वाचतील, त्यांचे आईबाप वाचतील, म्हणून लिहिते.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर, २०२३ ची. त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात एका आयटी कंपनीत रुजू झाले. पहिले ३ महिने जावाचं, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या एका भाषेचं, ट्रेनिंग. ते संपल्यावर "सध्या प्रोजेक्टची गरज आहे" असं सांगून सपोर्टला टाकलं. एल-वन सपोर्ट. अमेरिकेतल्या एका कंपनीचे लोक पासवर्ड विसरतात, त्यांचं अकाउंट लॉक होतं, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लागत नाही, त्याचं तिकीट, म्हणजे तक्रार, येतं. काय करायचं त्याच्या पायऱ्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात, त्या एकेक करून जायच्या. १५ मिनिटांत सुटलं नाही तर एल-टूकडे, म्हणजे वरच्या पातळीच्या टीमकडे, ढकलायचं. एल-टूवाल्यानं पुढे ते कसं सोडवलं, हे मला दिसत नाही. दिवसाला २५-३० तिकिटं. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन.

हे काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. समोरचा माणूस खरोखर अडलेला असतो, सुटलं की मनापासून थँक्यू म्हणतो. माझं दुखणं वेगळं आहे. पहिल्या महिन्यात मला जे येत होतं त्याहून २७ व्या महिन्यात काही जास्त येत नाही. उलट जे येत होतं तेही गेलं. मार्चमध्ये एका ठिकाणी मुलाखत दिली. दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधायची एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा, लिहा म्हणाले. शेवटच्या वर्षाला ही क्वेरी मी वर्गातल्या पोरींना फळ्यावर शिकवली होती. त्या दिवशी हात की-बोर्डवर ठेवून नुसती बसून राहिले. मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या, "टेक युवर टाइम" म्हणाल्या. त्या चांगल्या वागल्या म्हणूनच नंतर रूमवर येऊन जास्त रडले.

मी प्रयत्नच केला नाही असंही नाही. अकाउंट अनलॉकची तिकिटं रोज त्याच चार पायऱ्यांनी सुटतात, म्हणून गेल्या वर्षी रात्री जागून पायथनमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे त्या पायऱ्या आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली. टीम लीडला दाखवली. तो म्हणाला, क्लायंटच्या सिस्टीमवर आपलं काही चालवायची परवानगी नाही. त्याचं बरोबर होतं, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण त्यानंतर "मग ही परवानगी कोणाकडे मागायची?" या माझ्या मेलला आजपर्यंत उत्तर आलेलं नाही. डेव्हलपमेंटला, म्हणजे कोड लिहायच्या कामाला, बदली मागितली तर "पुढच्या क्वार्टरला बघू". असे सहा क्वार्टर, म्हणजे सहा तिमाह्या, झाल्या.

यातली खरी अडचण गावात कोणालाच माहीत नसते. कॉलेजातही ती आम्हाला कोणी सांगितली नाही. फ्रेशरची भरती निघते तेव्हा बहुतेक वेळा बॅचचं वर्ष लिहिलेलं असतं. त्यात २०२३ ची पोरगी आता बसत नाही. अनुभवी लोकांची भरती निघते तेव्हा विचारतात, कोड लिहिण्याचा अनुभव किती वर्षांचा? माझा शून्य. म्हणजे मी फ्रेशर उरले नाही आणि अनुभवीही झाले नाही. सपोर्टच्याच दुसऱ्या कंपनीत मात्र आजही लगेच घेतील, दोन हजार वाढवूनही देतील. तिथं गेलं की पुढची दोन वर्षं पुन्हा तशीच. "अजून नवीन आहेस, धीर धर" असं मोठी माणसं म्हणतात, ते मायेनंच म्हणतात. पण या कामात धीर धरण्याची किंमत दर महिन्याला मोजावी लागते. सहाव्या महिन्यात बाहेर पडणं जेवढं सोपं होतं तेवढं आता राहिलेलं नाही.

पैशांचंही सांगते, कारण गावात माझा पगार "साडेतीन लाख" असा फिरतो. तो वर्षाचा आकडा आहे, तोही कंपनीला माझ्यावर पडणाऱ्या खर्चाचा. कंपनीनं भरायचा पीएफ त्यातच, ग्रॅच्युइटी त्यातच. हातात महिन्याला साडेतेवीस हजार पडतात. पीजीचे, म्हणजे राहायच्या जागेचे, साडेआठ हजार, शैक्षणिक कर्जाचा हप्ता सहा हजार आठशे, घरी तीन हजार. उरलेल्यात जेवण आणि यवतमाळची ट्रॅव्हल्स. "एवढा त्रास आहे तर सोडून दे न बाप्पा" म्हणणाऱ्या मैत्रिणींना हप्ता नाही. मला आहे. हातात दुसरं काही नसताना राजीनामा दे, असं मी कोणालाही सांगणार नाही.

आणि बाँड. याच्याबद्दल माझ्या मनात सगळ्यात जास्त आहे.

माझे बाबा सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापूस नेतात. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत येते, ८ टक्क्यांच्या वर जितका जास्त तितका भाव कापला जातो, लांब धाग्याला २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८११० चा हमीभाव, नोंदणी कुठं करायची, सातबाऱ्यावर पेरा लागलेला हवा, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. कापूस उन्हात वाळवून, मुठीत दाबून पाहिल्याशिवाय ते गाडी भरत नाहीत. त्याच माणसानं २०२३ मध्ये माझ्या बाँडवर जामीनदार म्हणून सही केली. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, मधलं एकही पान न वाचता. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर १ लाख रुपये भरायचे. इंग्रजीत होतं हे कारण आहेच. पण मला इंग्रजी येत होतं आणि मीही वाचलं नाही. घरात पेढे आले होते. अशा वेळी "थांबा, आधी हे वाचू" म्हणणं अपशकुन केल्यासारखं वाटतं.

नंतर शांतपणे बसून वाचलं तेव्हा काय काय सापडलं! कंपनी मला कुठल्याही कामावर टाकू शकते, हे स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे सपोर्टला टाकून माझी फसवणूक झाली असं मला म्हणताही येत नाही. नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतरही काम करत राहायचा काळ, ९० दिवस. रात्रपाळीचं संमतीपत्र त्याच गठ्ठ्यात होतं. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊनंतर बाईकडून काम घ्यायचं तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची सोय करावी लागते. ती संमती मी पहिल्याच दिवशी, तेरा सह्यांमधली एक म्हणून, देऊन बसले होते.

बरेच सीनियर सांगतात, "बाँडला काही अर्थ नसतो, कोर्टात टिकत नाही." असं डोळे झाकून मानू नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करूच नको, अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नं साधारणपणे चालत नाही. पण ठराविक काळ नोकरी करीन, नाहीतर पैसे भरीन, ही गोष्ट निराळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांचा आणि २ लाखांचा असा बाँड वैध ठरवला. प्रत्येक खासगी कंपनीचा प्रत्येक बाँड यामुळे बरोबर ठरतो असं नाही, रक्कम वाजवी आहे का हे पाहिलं जातंच. पण भीतीपोटी अडकून राहणं आणि फुकटची हिंमत करणं, दोन्ही न वाचल्यामुळेच होतं. माझ्याबरोबर रुजू झालेली एक मुलगी आठव्या महिन्यात बाँडचे पैसे भरून गेली. तेव्हा आम्ही तिला वेडी म्हणालो. तिच्या घरची ऐपत होती हे खरं, पण हिशोब तिनं मांडला होता आणि आम्ही मांडलाच नव्हता, हेही तितकंच खरं.

माझा बाँड ऑगस्टमध्ये संपला. तरी मी तिथंच आहे. याला कंपनी जबाबदार नाही. गावात परत यायची लाज मला धरून ठेवते. आमच्या गल्लीतली पुण्याला नोकरीला गेलेली मी पहिली मुलगी. पोळ्याला, दिवाळीला आले की पारावरची माणसं बाबांना "तुमची पोरगी लय मोठ्या कंपनीत हाय म्हणते" असं म्हणतात, बाबांची मान ताठ होते. त्या मानेकडे बघून मी दरवेळी "मस्त चाललंय" म्हणत आले. पुण्याच्या पीजीत आम्ही सहाजणी विदर्भातल्या आहोत, वाशीमच्या, पुसदच्या, वणीच्या. सहाहीजणी घरी हेच सांगतो. मग गावातल्या पुढच्या पोरीला खरं कळणार कुठून?

आणि पुढच्या पोरी खूप येणार आहेत. मी शिकले तेव्हा फीची निम्मी सवलत होती, उरलेल्याचं कर्ज झालं. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. फार चांगलं झालं, मनापासून सांगते. आमच्या शेजारची पोरगी त्याच सवलतीवर यवतमाळला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजं त्यांच्या फ्लेक्सवर किती जणींना नोकरी लागली ते छापतील. त्यांनी त्याखाली आणखी एक ओळ छापावी: कोणत्या कामावर लागली. टेस्टिंग, सपोर्ट, डेव्हलपमेंट, काय ते. माझी मागणी एवढीच आहे आणि ती अवघड नाही, माजी विद्यार्थ्यांना एक फोन केला तर कळतं. मला तर असा फोन कधीच आला नाही.

मी आता काय करतेय? पहाटे शिफ्ट सुटल्यावर झोपते आणि दुपारी २ ते ५ रोज एसक्यूएल आणि जावा पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबरपासून एकही दिवस चुकवला नाही. नागपूरला मिहान या औद्योगिक भागातल्या कंपन्यांतही अर्ज टाकलेत. पगार तेवढाच मिळाला तरी घर तीन-साडेतीन तासांवर येईल. अजून कुठून बोलावणं नाही.

काल संध्याकाळी ती शेजारची पोरगी आली. तिला माझ्या ऑफर लेटरची आणि बाँडची झेरॉक्स दिली. आम्ही दोघी ओसरीत खाटेवर बसून एकेक कलम वाचत गेलो, मी मराठीत सांगत होते. तिनं पेनानं खुणा केल्या, "कुठल्याही कामावर" याच्याखाली दोनदा. आई चुलीजवळून ऐकत होती. बाबाही बाजूला येऊन बसले होते, काही बोलले नाहीत. तिसऱ्या पानावर आल्यावर आई म्हणाली, "मंग तुयाजवळ बसून हे कोनं वाचलं नोतं काय वो?"

बाबांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि खाली त्यांची सही होती तिथं बोट ठेवून म्हणाले, "पुन्हा पयल्या पानापासून सांग."