हलतंय म्हणजे गाभ राहीलच असं नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, मागच्या लेखावरची तुमची कॉमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की रेतातलं (वीर्यातलं) पाणी हे नुसतं वाहन, खरा तो शुक्रजंतू, आणि डॉक्टरांनी तबेल्यात मायक्रोस्कोपखाली कांडी (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेताची बारीक नळी) बघितली तेव्हा निम्म्याच्या वर जंतू हलत होते, तरी चार म्हशी उलटल्या (गाभ न राहता परत माजावर आल्या) म्हणजे दोष म्हशींचाच. मी उगाच केमिस्ट्री लावून लोकांना घाबरवतोय. पटत नाही मला हे.

आधी ते पाणी. त्यात फ्रुक्टोज असतं, म्हणजे फळातलीच साखर, आणि ती येते शुक्राशयाच्या ग्रंथीतून. केंब्रिजच्या थॅडियस मान यांनी 1946 मध्ये ही साखर फ्रुक्टोज आहे हे सिद्ध केलं. जंतू तिच्यावर शेपूट हलवतो. पण त्याच पाण्यात काही प्रथिनं पण असतात जी जंतूच्या पडद्याला चिकटतात आणि त्यातलं कोलेस्टेरॉल हळूहळू ओढून काढतात. मादीच्या पोटात हे हवंच असतं, त्याशिवाय जंतू बीजांडात शिरायला तयार होत नाही, पण रेत काढून तसंच ठेवलं तर हेच काम बाहेर चालू राहतं आणि पडदा कमकुवत होतो. म्हणून तर अंड्यातला पिवळा बलक घालतात, त्यातल्या चरबीचे कण ही प्रथिनं आपल्याकडे धरून ठेवतात. बलक वापरायला लागले 1939 च्या सुमाराला, ग्लिसरीनचा उपयोग कळला 1949 मध्ये, आणि त्यानंतर कुठे रेत गोठवून उणे 196 अंशात ठेवणं जमलं. नुसतं वाहन असतं तर एवढी खटपट कशाला केली असती लोकांनी?

आता हलण्याचं. गोठवून परत वितळवताना बऱ्याच जंतूंच्या पडद्याला चिरा जातात, आत कॅल्शियम घुसतं, आणि तो जंतू वेळेआधीच 'तयार' होऊन बसतो. स्लाइडवर तो छान पळताना दिसतो, पण आयुष्य थोडं. म्हशीत बीजांड सुटतं माज संपल्यावर साधारण 10 ते 14 तासांनी, म्हणजे या जंतूला आत तेवढा वेळ टिकायला हवं, आणि स्लाइडवर आपण त्याला बघतो जेमतेम मिनिटभर. त्यात मेलेले जंतू पण गप्प बसत नाहीत, त्यांच्यातून सुटणारं एक एन्झाइम बलकातल्या अमिनो आम्लांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि ते शेजारच्या जिवंत जंतूंच्या पडद्याची चरबी जाळतं. रेड्याचं रेत गाईच्या वळूच्या रेतापेक्षा गोठवणं कमीच सहन करतं, हे तर या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

आणि कांडी कशी वितळवली हे पण बघा ना! 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद, मग कोरडी पुसून कापायची. मी तबेल्यांमध्ये नळाच्या पाण्यात बुचकळून ओलीच कापलेली कांडी बघितलीय. ओल्या टोकाचा थेंब आत गेला की जंतू फुगतो, शेपटीची गुंडाळी होते, खेळ खल्लास.

खर्चाचा मुद्दा तुम्ही काढलात तो मात्र महत्त्वाचा आहे, कारण गोरेगाव-भिवंडीकडच्या तबेलेवाल्याला महागडी लॅब परवडत नाही. पण हीच गुंडाळी तपासणी म्हणून वापरता येते, कारण पडदा धड असेल तरच पाणी आत कोंडून शेपूट वळते. सोडियम सायट्रेट आणि फ्रुक्टोजचं पातळ द्रावण घ्यायचं, त्यात रेत टाकून 37 अंशाला तासभर ठेवायचं आणि त्याच मायक्रोस्कोपखाली बघायचं: ज्यांची शेपूट वळली त्यांचा पडदा शाबूत, ज्यांची सरळ राहिली ते हलत असले तरी कामाचे नाहीत. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात विचारा, ही टेस्ट तिथल्या लोकांना नवीन नाही.

म्हशीचा दोष नसतोच असं मी कधीच म्हटलेलं नाही. मुका माज (बाहेरून न दिसणारा) असतो, गर्भाशयाला सूज असते, माजाची वेळ चुकते, हे सगळं होतं. पण मुंबईत उलटलेली म्हैस भाकड ठरवून विकली की ती कुठे जाते हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, आणि तिच्यावर हा शिक्का मारताना कांडी कोणी तपासतच नाही याचा मला मनापासून राग येतो. त्या चौघींना अजून 21 दिवस द्या, पुढच्या माजाला दुसऱ्या रेड्याची कांडी वापरा आणि ती तुमच्यासमोर थर्मामीटर लावून वितळवायला सांगा.