खुडूक कोंबडीची बिनअर्जी रजा

“तुम्हाला नाही जमायचं. वहिनींना बोलवा.”

आज सकाळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हे वाक्य माझ्या डोक्यावर पडलं, तेव्हा माझा उजवा हात कोंबडीच्या पोटाखाली होता आणि अंगठ्याशेजारचं मऊ कातडं तिच्या चोचीत होतं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या नादाने बसलेली कोंबडी नुसती टोचत नाही. ती धरते आणि पिळते. हळद लावलेला हात घेऊन हे लिहितोय, त्यामुळे अक्षरात थोडा राग दिसला तर तो तसाच राहू द्या.

वहिनी म्हणजे आमची बायको. ती आली, “चल गं भवाने” म्हणाली, एका हाताने तिला उचलून दाण्यापाशी ठेवलं आणि गॅसवर दूध आहे म्हणून आत गेली. वरून आवाज आला, “बघा!”

धायरीत आमचा तळमजल्याचा फ्लॅट आहे. मागे एक चिंचोळी पट्टी आहे, जी बिल्डरने आम्हाला ‘प्रायव्हेट गार्डन’ म्हणून विकली. तिथे भोरच्या मावशींनी दिलेली गावरान तांबडी राहते. गेल्या आठवड्यात ती मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसली ती बसलीच. अंडी द्यायची बंद. जवळ गेलं की पिसं फुलवून दुप्पट होते आणि घशातून मोटारसायकल सुरू न होण्याचा आवाज काढते. दिवसातून एकदा खाली उतरते, घाईघाईत खाते, पिते आणि दिवसभर साठवलेली अशी काही विष्ठा टाकते की शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या लागतात. मग पुन्हा खोक्यात. खाली अंडं एकही नाही. एक कांदा आहे. तो तिथे कसा गेला कोण जाणे, पण ती त्याला इमानेइतबारे ऊब देते आणि चोचीने फिरवतेही.

आता गॅलरीतले काका. एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत उभी हयात गेली. दुसऱ्याची रजा नामंजूर करण्यात त्यांनी जो आनंद मिळवला, तो निवृत्तीनंतर मिळेना. आमची कोंबडी खुडूक बसली आणि काकांना पुन्हा नोकरी लागली.

“कधीपासून गैरहजर?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“गैरहजर नाही काका, बसलीय.”

“म्हणजे कार्यालयात उपस्थित, पण काम नाही. हे जास्त गंभीर. बसण्यापूर्वी अर्ज?”

“कोंबडी आहे हो ती.”

“ते पदनाम झालं. अर्ज होता का?” मग गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकून त्यांनी मला नियम समजावला. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना प्रसूती रजा १८० दिवस. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर. “हिला हयात अपत्यं किती?”

“एकही नाही.”

“मग पात्र आहे,” काका जरा नाराजीनेच म्हणाले. पण तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. “थांबा. अंडं घातलं तीच प्रसूती. म्हणजे प्रसूती आधीच झाली आणि तेव्हा तर ही रोज कामावर होती! आत्ता मागतेय ती बालसंगोपन रजा. तिला अपत्य प्रत्यक्ष असावं लागतं. हिच्याकडे काय आहे?”

“कांदा.”

“नामंजूर,” असं म्हणून काका चहाला गेले.

मला राग काकांच्या विनोदाचा नाही. राग याचा आहे की या गृहस्थांनी आजवर एकदाही खाली उतरून खोक्यात हात घातलेला नाही. त्यांचंच काय, अख्ख्या सोसायटीचं तेच. बी विंगमधल्या काकूंनी सांगितलं, गार पाण्यात बुडवा. वॉचमनने सांगितलं, त्याच्या गावी नाकातून पीस घालतात. भोरहून मावशींनी फोनवर सांगितलं, डालग्याखाली कोंडून ठेव. एका तरुणाने सांगितलं, जाळीच्या तळाचा पिंजरा आणा, खालून वारा लागला की पोट थंड होतं आणि डोकं ताळ्यावर येतं. त्याचं त्यातल्या त्यात शास्त्रशुद्ध आहे. हा सगळा प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा खेळ. ते चढलं की कोंबडी अंडी थांबवते, छातीची पिसं झडून उघडं, गरम कातडं उरतं आणि ती ऊब द्यायला काहीतरी शोधत बसते. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेगहॉर्नमधून माणसाने निवड करकरून हे वेड जवळजवळ काढून टाकलंय. त्या फक्त अंडी देतात, आई व्हायचं नावही घेत नाहीत. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “आदर्श कर्मचारी.”

खरं तर हिला खरी अंडी मिळाली असती तर एकवीस दिवसांत मामला संपला असता. पिल्लं निघाली की खुडूकपण आपोआप जातं. पण अंड्यात पिल्लू हवं तर कोंबडा हवा, आणि कोंबडा आमच्याकडे होता! मावशींनी जोडीच दिली होती. मग सोसायटीची बैठक झाली. अध्यक्षांनी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम छापून आणले होते. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. आमचा कोंबडा पाचला आरवतो, म्हणजे रात्री आरवतो, म्हणजे गुन्हेगार. त्याला भोरला परत पाठवलं.

ठीक आहे. नियम म्हणजे नियम. पण त्याच बैठकीला बसलेली माणसं गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचतात, तेव्हा आमच्या खिडकीच्या काचा चौकटीत वाजतात. समोरचा रस्ता गेल्या पावसाळ्यानंतर खणला, बुजवला आणि परत खणला. तो ब्रेकर रात्री साडेअकराला चालतो. त्याच्याकडे कुणी नियमांचा कागद घेऊन गेल्याचं ऐकिवात नाही. हॉर्नबद्दल तर बोलायलाच नको. पुण्यात सिग्नल हिरवा व्हायच्या आधी मागून हॉर्न येतो. या शहराला फक्त एकच आवाज सहन होत नाही, तो म्हणजे सकाळ झाली असं सांगणारा. असो. आवाज चढला माझा.

शेवटी आज दुपारी ठरलं. येत्या रविवारी भोरहून कोंबड्याच्या कळपातली दहा-बारा ताजी अंडी आणायची आणि अंधार पडल्यावर हळूच हिच्या खाली सरकवायची. रात्री तिला कळत नाही, सकाळी ती आपलीच समजते. आठवड्याभराने अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात दिसणार नाही ते काढून टाकायचं. टॉर्च देतो असं काका स्वतःहून म्हणाले. क्षणभर मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

संध्याकाळी ते चक्क खाली आले. हातात टॉर्च नव्हता, कागद होता.

“अध्यक्षांशी बोललो. पिल्लांना हरकत नाही. फक्त एवढ्यावर सही करा.”

सुवाच्य अक्षरात हमीपत्र होतं. ‘सदर कोंबडीच्या अंड्यांतून निघणारी सर्व पिल्लं माद्या असतील, अशी मी हमी देतो.’

“काका, निम्मे कोंबडे निघणारच की! आणि गावरान पिल्लात नर कुठला, मादी कुठली, ते तुरा वाढेपर्यंत काही आठवडे कळतसुद्धा नाही.”

“म्हणूनच आत्ता सही करा,” काका म्हणाले. “एकदा कळलं की तुम्ही करायचा नाहीत. तीन प्रती आहेत. आणि हात बरा नसेल तर राहू द्या, वहिनींना बोलवा.”